निव्वळ वजन

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी वजन साडेब्याण्णव किलो. काटा बाथरूममधला. सव्वीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून लोकांचे काटे तपासतोय, असल्या गुलाबी प्लॅस्टिकच्या काट्याला मी पुरावा मानत नाही. तरी तूर्त धरून चालू.

कारण असं. ही या महिनाअखेर रिटायर होतेय. हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं, तळघरात, खिडकी म्हणून नाही. तिथल्या बायकांनी वर्गणी काढून तिला भेट दिली: गरम हवेच्या मोठ्या फुग्यातून सफर, दोन माणसं, ३० मार्च, सकाळी. आपलं घर एकदा वरून बघायचं, हे हिचं जुनं खूळ. खूळ म्हणतो खरं, पण काल ती ज्या तऱ्हेने तिकिटावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती, ते बघून मलाच कसंतरी झालं. मग म्हणाली की मी बरोबर असलो तरच ती जाणार. उंचीची तिला भयंकर भीती. कुणीतरी हात धरायला हवा, आणि कुणीतरी म्हणजे मीच, दुसरं कोणी चालणार नाही.

तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात: टोपली लहान असल्याने प्रत्येकी वजन जास्तीत जास्त नव्वद किलो.

म्हणजे अडीच किलो उतरवायचे. हातात आठ आठवडे. अडीच किलो म्हणजे काय, सासूबाईंची पर्स तेवढी असेल. हिला छातीठोकपणे सांगून टाकलं की काळजी सोड, मी येतोय. सासूबाई (हिची आई. वय एकाहत्तर, वजन शेहेचाळीस, मुक्काम आमच्याच घरी) यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. काटा मारणाऱ्या दुकानदाराकडे मी त्याच नजरेने बघतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कीटो कर. साखर बंद, भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद. लोणी, चीज, अंडी, मटण, मासे पाहिजे तेवढे. दोनदा विचारून खात्री करून घेतली. लोणी खाऊन बारीक होता येत असेल, तर इतकी वर्षं मी जाड राहिलो तो केवळ अज्ञानामुळे.

प्रश्न एकच. शुक्रवार. दर शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या बाल्कनीत आम्ही दोघं बसतो, वीस वर्षं झाली, आणि बसतो म्हणजे बिअर घेतो. बिअर म्हणजे पातळ केलेला ब्रेड, असं डॉक्टर म्हणाले. माझा आवाज पडला असावा, कारण त्यांनी लगेच समजूत घातली. दारू सोडायची नसते, निवडायची असते.

पटलं. माणूस शिकलेला असला की फरक पडतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात दिवसभर अभ्यास. व्हिस्की: साखर शून्य, कार्ब शून्य. व्होडका शून्य. जिन शून्य. रम शून्य, रंगावर जाऊ नये. कोरडी वाईन: ग्लासाला तीन-चार ग्रॅम, क्षम्य. गोड वाईन, लिकर, सिरप घातलेलं कॉकटेल: उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही.

थोडक्यात, माझं पोट दारूमुळे सुटलं असं ही अठ्ठावीस वर्षं म्हणत आली, त्या दारूत पोट सुटण्यासारखं काही नाहीच. हे तिला कागदावर दाखवलं. ती म्हणाली की मग हे पोट कशाचं आहे. विषयाला फाटे फोडायची सवय.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल पहिली कीटो बैठक. व्हिस्की, सोडा, बर्फ. डॉक्टरांनी शरीरशास्त्र समजावलं. दारू आत गेली की शरीर आधी ती जाळतं, तोवर चरबी रांगेत थांबते. मी विचारलं की रांग पुढे कधी सरकते. ते म्हणाले की आधी तुझा ग्लास पुढे सरकव.

तोंडात टाकायला काजू होते. काजूत कार्ब असतात हे बशी रिकामी झाल्यावर कळलं. मात्र ब्रेडला हात लावला नाही. डॉक्टरांकडचा ब्रेड संपला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

वजन एक्क्याण्णव पूर्णांक सात. आठवड्यात आठशे ग्रॅम. या वेगाने ३० मार्चला मी शहाऐंशी. असंच चालू ठेवलं तर दोन-सव्वादोन वर्षांत मी शिल्लकच राहत नाही. मध्ये कुठेतरी थांबावं लागेल, डायरीत खूण करून ठेवतो.

बाथरूमचा काटा तसा चांगल्या कंपनीचा आहे. रंगावर जाऊ नये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ही सकाळी म्हणाली की तुमच्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येतोय. आनंदाने तिला मिठीच मारली. चरबी जळायला लागली की असाच वास येतो, डॉक्टर म्हणाले होते. सासूबाई म्हणाल्या की त्यांना वेगळाच वास येतोय आणि तो काही आजचा नाही. वयोमानाने नाक गेलंय त्यांचं.

व्हिस्कीने पित्त होतं. उद्यापासून जिन आणि टॉनिक वॉटर. दुकानात बाटली उलटीसुलटी करून बघितली. आकारमान ठळक, किंमत छापलेली, उत्पादकाचा पत्ता पूर्ण, अक्षरांची उंची नियमाप्रमाणे. खोड काढायला जागा नाही. अर्धा डझन घेतल्या. शिवाय फक्त शुक्रवारीच घेण्यात अर्थ नाही. डाएट म्हणजे रोजची शिस्त हवी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वजन ब्याण्णव पूर्णांक तीन. शक्य नाही.

बाथरूमच्या फरशीला उतार आहे, पाणी वाहून जायला दिलेला. काटा स्वयंपाकघरात नेला. ब्याण्णव चार. हॉलमध्ये ब्याण्णव तीन. बाल्कनीत सासूबाई बसल्या होत्या, त्यांना उठवून तिथे ठेवला. ब्याण्णव पाच. सासूबाई म्हणाल्या की आता शेजारच्यांकडे नेऊन बघा. शेजारी घरी नव्हते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर सापडलं. सव्वीस वर्षं दुकानदारांना जे ओरडून सांगतोय, ते स्वतःला लावलंच नव्हतं. वजन दोन प्रकारचं, ढोबळ आणि निव्वळ. डब्यासकट तेल तोलून विकता येत नाही. आधी रिकामा डबा वजा करायचा, उरलं ते निव्वळ वजन, आणि कायदा निव्वळ वजनालाच मानतो.

मग माझा डबा कुठे वजा केला? चष्मा. अंगठी. पायजमा. दातांवरच्या दोन कॅप. केस. कालचं जेवण, कारण ते अजून माझं झालेलं नाही. पोटातलं पाणी, सोडा, जिन, टॉनिक: हा माल वाटेत आहे, पोहोचलेला नाही. डॉक्टरांना फोनवर धरून सगळं मांडलं. डबा तीन किलो आठशे. निव्वळ वजन साडेअठ्ठ्याऐंशी.

म्हणजे मी आजच पास आहे. पुढचे पाच-सहा आठवडे वरकमाई.

हिला सांगितलं. ती म्हणाली की फुग्यात डबा खाली ठेवून येणार आहात का. तांत्रिक गोष्टी हिच्या डोक्यावरून जातात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज फुगेवाल्याकडे तपासणी. फुगेवाला म्हणजे सफर नेणाऱ्या त्या कंपनीचा मालक, आणि फुगा चालवतोही तोच. शहराबाहेर एक मैदान, एक शेड, दोन फुगे. मोठ्या फुग्याचं भाडं वजनावर घेतो, म्हणून त्याचा काटा आमच्या अखत्यारीत. यादीत नाव दिसल्यावर मुद्दाम मीच गेलो.

मदतनिसाने आमची प्रमाण वजनं चढवली, वीस-वीस किलोची चार. काटा दाखवतो सत्त्याहत्तर. तीन किलो कमी. स्प्रिंग बसलेली.

फुगेवाला हात जोडून म्हणाला की साहेब, राहू द्या ना. मी तेवढी सूट धरूनच फुगा भरतो, कुणाला धोका नाही, आणि माणसं काट्यावरून खुशीत उतरतात. त्याला चांगला सुनावला. वजन म्हणजे वजन. माणसांच्या खुशीवर काटे चालायला लागले तर खातं कशाला हवं. मदतनीस कानाशी येऊन कुजबुजला की साहेब, पुढच्या महिन्यात तुम्हीच येणार ना इथे, बाईसाहेबांबरोबर. म्हटलं, म्हणून तर. उद्या कुणी म्हणायला नको की साहेब सैल काट्यावर चढून वर गेले. शिवाय तोवर मी शहाऐंशीवर आलेला असेन. मला कुणाच्या मेहेरबानीची गरज काय?

मेकॅनिक बोलावून समोर बसून दुरुस्त करून घेतला. ऐंशीला ऐंशी. स्वतःच्या हाताने शिशाचं सील ठोकलं, पाटीवर सही केली. इतकं सुबक सील माझ्या हातून कधी बसलं नव्हतं. जरा लांब जाऊन बघितलं, मग पुन्हा जवळ जाऊन.

संध्याकाळी जिन आणि टॉनिक. निष्ठेने काम केलं की एकाचे दोन चालतात.

१ मार्च, शनिवार

काल हिचा निरोप समारंभ. तळघरात, चादरींच्या ढिगांमध्ये टेबलं लावून. भला मोठा केक. मी केककडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यावर लाल फूल होतं. मी फक्त कोरडी पांढरी वाईन घेतली, कागदी कपातून. कागदी कप लहान असतात, त्यामुळे मोजत बसलो नाही.

कीटोमध्ये दारू लवकर चढते असं ऐकून होतो. ते खरं आहे.

मी भाषण केलं. ठरलेलं नव्हतं. सगळ्यांसमोर शब्द दिला की ३० तारखेला हिचा हात माझ्या हातात असेल, मग खाली जमीन असो वा नसो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ही डोळ्याला रुमाल लावून हसत होती. तिथेच खाली बसायला हवं होतं.

लाँड्रीत मळक्या कपड्यांचे गठ्ठे तोलायचा मोठा काटा आहे. शब्दाला पुरावा म्हणून मी त्यावर उभा राहिलो. त्र्याण्णव. मग मी काटा सदोष असल्याचं जाहीर केलं आणि बॅगेतून कागद काढून तिथल्या तिथे वापरबंदी लावली. ही म्हणाली की अहो, आज माझा शेवटचा दिवस आहे. पण कायद्याला दिवस बघता येत नाही.

३ मार्च, सोमवार

मशीनमध्ये किती कपडे घालायचे ते काट्याशिवाय कळत नाही, म्हणून हॉस्पिटलची लाँड्री दोन दिवस बंद. वॉर्डात पेशंटना खिडक्यांचे पडदे पांघरायला दिले असं ऐकतो. अफवा असणार. ही रिटायर झालेली बाई, काल आणि आज सकाळी डबा घेऊन कामावर गेली. का, ते मी विचारलं नाही. काल परतली तेव्हा हात साबणाने सुरकुतलेले होते.

दुपारी प्रमाण वजनं घेऊन गेलो. काटा अगदी बरोबर निघाला. याचा अर्थ तो शुक्रवारी चुकीचा होता आणि सोमवारपर्यंत आपोआप सुधारला. होतं असं कधीकधी. बंदी उठवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: आर्द्रता.

लाँड्रीतल्या बायका माझ्याशी बोलल्या नाहीत. एकीने माझ्या बुटावर पाणी सांडलं. चुकून.

७ मार्च, शुक्रवार

टॉनिक वॉटरमध्ये साखर असते. कोल्ड्रिंकमध्ये असते तशी, चमचे-चमचे. कडू लागतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून लेबल मोठ्याने वाचलं. दोनदा. मी लेबल वाचलं नव्हतं असं नाही. आकारमान, किंमत, पत्ता, सगळं वाचलं होतं. साखर आमच्या खात्याकडे येत नाही.

हिने विचारलं की हे सगळं सांगणारे तुमचे डॉक्टर नक्की कसले डॉक्टर आहेत. उगाच विचारलं, तिला माहीत आहे. दातांचे. पण दात म्हणजे शरीराचं फाटक. जे काही आत जातं ते त्यांच्या डोळ्यांसमोरूनच जातं.

आजपासून जिन, साधा सोडा आणि लिंबाची चकती. लिंबू पिळायचं नाही, नुसतं दाखवायचं.

११ मार्च, मंगळवार

नवा नियम: दिवसाला एकच ग्लास. डॉक्टरांनी सांगितलं, आणि हिलाही पटलं. ग्लास कोणता हे दोघांनीही सांगितलं नाही. घरातले सगळे ग्लास मापून बघितले. फुलं ठेवतो तो काचेचा उभा ग्लास सव्वा लिटरचा भरला. तो घेतला. फुलं आता बादलीत आहेत.

१५ मार्च, शनिवार

काल डॉक्टरांनी लाईट बिअर आणली. त्यात कार्ब नेहमीच्या बिअरच्या चौथाई, म्हणजे चार प्यायल्या तरी एकच प्यायल्यासारखी. चार प्यायलो. मग लक्षात आलं की हिशेबाने एकच झालीये, आणि एकीवर कोण उठतं. आणखी चार. दोन झाल्या.

घरी येताना भूक अशी लागली की डोळ्यांपुढे अंधारी. वाटेत बेकरी. आत शिरलो ते सरकारी कामासाठी, पाव वजनाला बरोबर आहेत का बघायला. नमुन्यादाखल सहा घेतले. नमुने शिल्लक नाहीत.

ढोबळ वजन ब्याण्णव सातशे. निव्वळ अजून मांडलेलं नाही, पण चांगलंच असणार.

२२ मार्च, शनिवार

ही सकाळी म्हणाली की चला, जरा सराव करू. बाजाराजवळच्या पार्किंगच्या इमारतीत गेलो, अगदी वरच्या मजल्यावर. लिफ्टपासून कठड्यापर्यंत यायलाच तिला किती वेळ लागला. मग माझा हात धरला आणि डोळे गच्च मिटून उभी राहिली. तळवा घामाने ओला. आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली गाड्या, झाडं, कुणाची तरी वाळत घातलेली गादी. बराच वेळ बघत होती. म्हणाली की तुम्ही असलात की जमतं मला.

ही बाई एकतीस वर्षं तळघरात बसली आणि तिला वर जायचंय, ते माझ्याबरोबर. मी नालायक माणूस आहे असं क्षणभर वाटून गेलं.

जिना उतरताना मनाशी शपथ घेतली. आठ दिवस एक थेंब नाही. जिन नाही, वाईन नाही, लाईटही नाही. पाणी, अंडी, कोबी. हिला सांगितलं नाही. आधीच सांगितलं की शपथ मोडते, असा माझा अनुभव आहे.

२३ मार्च, रविवार

डोकं दुखतंय. कोबी.

२५ मार्च, मंगळवार

कोबी. मदतनिसावर विनाकारण ओरडलो. डॉक्टरांचा फोन आला, आवाज ऐकूनच तहान लागली.

२८ मार्च, शुक्रवार

बैठकीला गेलो नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले की तुझी तब्येत बरी आहे ना. सासूबाईंनी न सांगता माझ्यासमोर दोन अंडी जास्तीची ठेवली आणि निघून गेल्या.

२९ मार्च, शनिवार, संध्याकाळी

सकाळी वजन नव्वद पूर्णांक नऊ. ढोबळ! आठवड्यात पावणेदोन किलोच्या वर उतरलो, नुसत्या पाण्यावर आणि कोबीवर. विचित्र आहे, कारण या आठवड्यात मी डाएटच्या ड्रिंकपैकी एकही घेतलं नव्हतं. याचा अभ्यास करायला हवा.

उद्या सकाळपर्यंत आणखी किलोभर सहज. माणूस झोपेत उतरतो. ही आत उद्याचे कपडे इस्त्री करतेय. माझाही स्वेटर. गुणगुणतेय.

आत्ताच डॉक्टर आलेत. हातात शाम्पेन. ब्रूट, म्हणजे साखर जवळजवळ नाहीच, त्यांनी स्वतः लेबल वाचून दाखवलं. मी शपथेचं सांगितलं. त्यांनी विचारलं की कधीपासून. बोटांवर मोजलं तर मागचा शनिवार धरून आज आठ दिवस पूर्ण भरले. म्हणजे शपथ पाळून झाली. शिवाय शाम्पेन म्हणजे बुडबुडे, आणि बुडबुडे म्हणजे हवा. हवेने कधी कुणाचं वजन वाढलंय? उद्या हवेवरच तर उडायचंय. फक्त अर्धा ग्लास.

त्याच दिवशी, जरा वेळाने

दुसरी बाटली. डॉक्टरांनी तळलेले बटाटेही आणले होते, परत कसे पाठवणार. लोणी कीटो आहे. ब्रेड फक्त लोणी धरायला. ही दारात येऊन म्हणाली की अहो, सकाळी लवकर उठायचंय. मग माझा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर ठेवून गेली.

मला अगदी हलकं वाटतंय.

३० मार्च, रविवार, दुपारी

मैदानावर गवत ओलं होतं. फुगा आडवा पसरलेला, मोठ्या पंख्याने त्यात हवा भरत होते. ही निळ्या स्वेटरमध्ये, नवे बूट घालून. रात्रभर झोपली नव्हती तरी चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखा. सासूबाई सोडायला आल्या होत्या. शेडमध्ये काटा. काट्यावर माझं सील. पाटीवर माझी सही.

ही चढली. साठ. मी चष्मा काढला, अंगठी काढली, बूट, पट्टा, स्वेटर, खिशातला रुमाल. चढलो. ब्याण्णव आठशे.

फुगेवाला खाली बघून म्हणाला की साहेब, उतरून पुन्हा चढा. पुन्हा ब्याण्णव आठशे. मी निव्वळ वजन समजावून सांगायला लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की फुगा डब्यासकटच उचलतो साहेब. मग जरा घुटमळून म्हणाला की तुम्ही तपासायला यायच्या आधी याच काट्याने तुम्हाला एकोणनव्वद आठशे दाखवलं असतं. आता काट्यावर सरकारी सील आहे, तो तरी काय करणार.

ते माझ्या आधीच लक्षात आलं होतं. ३ फेब्रुवारीला मी साडेब्याण्णव होतो. त्या दिवशी, काही न सोडता, लोण्याला हातही न लावता इथे येऊन उभा राहिलो असतो, तरी पास झालो असतो.

काटा चुकीचा आहे असं म्हणायला तोंड उघडलं. सीलकडे नजर गेली. फार सुबक बसलंय. तोंड मिटलं.

हिच्याकडे बघवेना. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की राहू दे, चला, आपण घरी जाऊ. माझे बूट उचलून माझ्या हातात दिले. आणि तेवढ्यात काट्याचा आवाज झाला. बघतो तर सासूबाई वर चढलेल्या. शेहेचाळीस. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे, पायात माझे जुने पावसाळी बूट. सोडायला आलेल्या बाईचा हा पोशाख नव्हे. त्या लेकीला म्हणाल्या की चल, हात मीही धरू शकते, तुझी आई आहे मी.

फुगा उभा राहिला, तीन मजली इमारतीएवढा. वेळेआधी उडू नये म्हणून माणसं टोपली खाली दाबून धरतात. फुगेवाल्याने मला हाक मारली, म्हणाला की साहेब, इकडे या, तुमच्यासारखा माणूस हवाच होता. मी टोपलीच्या काठावर सगळा भार टाकला. हिचा हात काठावरच होता, वीतभर अंतरावर. मी तो धरला. तिने डोळे गच्च मिटले होते. सगळं कबूल केल्यासारखंच चाललं होतं, फक्त मी टोपलीच्या बाहेर होतो.

वरून हुकूम आला की सोडा. बाकीच्यांनी सोडलं. मी नाही सोडलं. फुगेवाला पुन्हा म्हणाला की साहेब, सोडा आता, तुमच्यामुळे अडलंय.

सोडलं.

त्यानंतर मी बराच वेळ हात वर करून उभा होतो. मग त्यांच्या गाडीतून, फुगा जिथे उतरला त्या शेतात गेलो. उतरल्यावर फुग्यातली हवा काढायला माणसं कापडावर लोळतात. मलाही लोळवलं. माझ्याखालून सगळ्यात जास्त हवा गेली, असं फुगेवाला म्हणाला. तो मनापासून म्हणत होता.

३१ मार्च, सोमवार

ही काल दिवसभर बोलत होती. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. घर दिसलं. हॉस्पिटल दिसलं, पण तळघर वरून दिसत नाही, याची तिला गंमत वाटली. मी विचारलं की भीती वाटली का. ती म्हणाली की खाली होते तोवरच वाटत होती, वर गेल्यावर कुठे गेली कळलंच नाही. हे ऐकून बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग म्हणाली की मी वरून तुम्हालाच बघत होते. सगळे गाडीकडे पळाले आणि तुम्ही एकटेच हात वर करून उभे. तिने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. म्हणाली की वरून तुम्ही एवढेसे दिसत होतात. मोहरीएवढे.

आठ आठवड्यांत असं कोणी पहिल्यांदा म्हणालं.

डॉक्टरांचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. फुलं बादलीतून काढून त्यांच्या ग्लासात ठेवली.

सकाळी वजन केलं. चष्मा, अंगठी, पायजमा, सगळ्यासकट. ब्याण्णव पूर्णांक सहा. ढोबळ.